अंबाडी कधी कापायची?

प्रश्न : राहतो इंदूरात, शेत सांवेरकडे. यंदा सोयाबीनच्या बांधावर अंबाडी लावली, भाजी तर खाल्लीच पण झाडं डोक्याच्या वर गेली म्हणून ऑक्टोबरात फुलावर असतानाच कापून ट्रॉलीभर ब्रिकेटवाल्याकडे (काडीकचरा दाबून जळणाच्या विटा करतो तो) नेली, तर त्याने काडी हातात घेतली न घेतली तोच "भिया, ये तो हरी है" म्हणत परत पाठवलं. मग कापायची कधी?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ब्रिकेटवाल्याचं बरोबर आहे हो. फुलावरच्या अंबाडीत निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं आणि त्याच्या मशीनला ओलावा लागतो 10-12 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे डिझेल जाळून तुम्ही पाणी फिरवून आणलंत. पण वेळ चुकली नाही, गिऱ्हाईक चुकलं. दोरासाठी वाख (सालीचा धागा) काढायचा तर फुलावरच कापतात, नंतर तो राठ होतो. बायोगॅससाठीही हिरवीच बरी, कारण काडी जून झाली की लिग्निन (काडीला लाकडासारखं कडक करणारं द्रव्य) वाढतं आणि ते जिवाणूंना पचत नाही. (पण म्हणून देवगुराडियाच्या गॅस प्लांटला ट्रॉली नेऊ नका, तो शहराच्या ओल्या कचऱ्यावर चालतो!)

जाळायचीच असेल तर थांबा, आणि नुसती वाळावी म्हणून नाही, खरी गोम राखेत आहे. पाल्यात आणि कोवळ्या शेंड्यात पोटॅश न क्लोरिन भरपूर, त्यामुळे भट्टीत राख लवकर वितळून जाळीवर काचेसारखे खडे धरतात, आणि क्लोरिन बॉयलरच्या नळ्या खातं. पाला गळला की यातलं बरंच जातं, उरलेलं पावसाने धुपतं. स्वीडनमध्ये जळणाचा हेम्प (भांगेच्या जातीचं वाखाचं पीक) याचसाठी हिवाळाभर उभा ठेवून फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कापतात, वजनात मार बसतो तरी. आपल्याकडे बर्फ कुठला, पण मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, आहे ना! तो पडून गेला की चांगलं ऊन खाऊ द्या, मग काडी वाकवून बघा, लवली तर अजून थांबा, कडकन मोडली तर कापा.

हे बांधावर आहे म्हणून जमेल. शेतात असती तर गव्हा-हरभऱ्याला जागा द्यावीच लागली असती, तेव्हा लवकर कापून पेंढ्या उभ्या करायच्या आणि पाला तिथेच गळू द्यायचा, नत्र मातीला मिळतं.

मला विचाराल तर एवढ्याशा मालासाठी ब्रिकेटवाल्याच्या नादी लागूच नका, फुलावर कापा, खड्ड्यात भिजत घाला, वाख काढून घ्या आणि राहिलेली सणकाडी (साल निघालेली काडी) वाळवून चुलीत घाला, भिजताना पोटॅशही पाण्यात उतरतं. फक्त खड्डा घरापासून लांब घ्या, वास असा सुटतो की शेजारी भांडायला येतील.