अडचण नेमकी कशाला म्हणायची?

"मॅडम, कुणाचे देणे थकलेले नाही, घराचा हप्ता वेळेवर जातो, मुलांची फी भरलेली आहे. पण उद्या काही झाले तर हाताशी पाच हजारही नाहीत, या विचाराने रात्री दोन-अडीचला जाग येते. या पगारात शिल्लक टाकायची तरी कशी?" घरखर्चाबद्दल सल्ला देताना हा प्रश्न थोड्याफार फरकाने मला महिन्यातून अनेकदा ऐकावा लागतो. विचारणारी माणसे उधळी नसतात. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या करणारी, हप्त्यावर फ्लॅट घेतलेली, नीटनेटका संसार करणारी ही कुटुंबे असतात. त्यांपैकी एका कुटुंबाचा अनुभव नावे आणि ओळखीचे तपशील बदलून येथे मांडत आहे.

सुनीताताई प्रथम एकट्याच आल्या, त्या भाद्रपदात. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग पर्समधून चौघडी घातलेला एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. ती पाटल्या गहाण ठेवल्याची पावती होती आणि वारंवार उलगडून पाहिल्यामुळे घड्यांवर विरली होती. "आईने घातल्या होत्या अंगावर," एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांचे पती दिलीपराव अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणावर चालणारे मशीन चालवतात. आषाढातल्या पावसात कामावरून परतताना मोटारसायकल घसरली, मनगट मोडले आणि प्लेट टाकावी लागली. बिल ४८,००० रुपये झाले. शिल्लक रजा संपल्यावर पगार थांबला आणि सात आठवडे घरी बसावे लागले. पाटल्यांवर ४०,००० उचलले, तरी घराचे दोन हप्ते समोर उभे होतेच. ते चुकू नयेत म्हणून दिलीपरावांनी मोबाइलवरच्या दोन ॲपमधून २२,००० रुपये घेतले आणि घरात कुणाला सांगितले नाही. वसुलीच्या माणसाचा फोन सुनीताताईंच्या भावाला गेला, तेव्हा ते उघड झाले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण अनेक घरांत ती लक्षात येत नाही. दिलीपरावांचा पगार दोन वर्षांपूर्वी वाढून २१,००० रुपयांच्या वर गेला, तेव्हा पेढे वाटले गेले. मात्र २१,००० ही ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा आहे आणि ती ओलांडल्यावर चालू अंशदान कालावधी (वर्गणीची सहामाही) संपला की कामगार योजनेबाहेर जातो, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. ते संरक्षण असते तर उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग त्यातून निघाला असता. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात तो विमा आपल्याकडे आहे, असे ते मला विश्वासाने सांगत होते. तो अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतो, हाड मोडल्यावर दवाखान्याचे बिल त्यातून मिळत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेत समाविष्ट रुग्णालयांतच मिळते. अपघाताच्या संध्याकाळी त्यांनी जवळचा दवाखाना गाठला. त्यात त्यांची चूक नाही. आपल्या भागातले योजनेतले रुग्णालय कोणते, हे धडधाकट असतानाच माहीत करून घ्यावे लागते.

दुसऱ्या भेटीला दोघेही आले. आम्ही महिन्याचा हिशेब मांडला. त्यांचे हातात येणारे २३,००० आणि सुनीताताईंच्या शिवणकामाचे सरासरी ५,०००, असे २८,००० रुपये घरात येत. त्यातून घराचा हप्ता ८,६००, किराणा-दूध-भाजी-गॅस ९,५००, शाळा आणि क्लास ३,०००, पेट्रोल, वीज आणि मोबाइल ३,२००, सासूबाईंची बीपी-शुगरची औषधे १,२०० आणि भिशी २,००० एवढे जात. उरत होते ५०० रुपये. या घराला बेशिस्त म्हणण्याचे धाडस मला तरी झाले नाही.

मी त्यांना रोजचा खर्च लिहिण्यासाठी वही दिली आणि ती माझी चूक ठरली. पंधरा दिवसांनी वही कोरीच परत आली. "दिवसभर सुपरवायझरला हिशेब द्यायचा आणि घरी आल्यावर हिला," असे दिलीपराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. ज्या माणसाने कर्ज लपवले ते लाजेपोटी, त्याच्या हाती आणखी एक हजेरीपत्रक देऊन काही साधणार नव्हते. वही मी बाजूला ठेवली.

त्याच दिवशी बोलता बोलता खरा विषय निघाला. या घरात पूर्वी शिल्लक होती! दोन वर्षांपूर्वी त्यांनी १८,००० रुपये साठवले होते आणि ते चार महिन्यांत संपले. नणंदेच्या वास्तुशांतीच्या आहेरात ११,००० गेले आणि मुलाच्या मोबाइलला ७,००० लागले.

"याला अडचण म्हणतात का, तुम्हीच सांगा," सुनीताताई म्हणाल्या.

"सख्ख्या बहिणीच्या दारात रिकाम्या हाताने उभे राहायचे, ही अडचण नाही तर काय आहे?" दिलीपरावांनी विचारले.

दोघांचेही म्हणणे मला मनापासून पटले. अडीअडचणीला म्हणून पैसा बाजूला ठेवा, असे आपण सहज सांगतो, पण अडचण या शब्दाचा अर्थ नवऱ्याच्या मनात एक असतो आणि बायकोच्या मनात दुसरा. तो कधी बोलला जात नाही. मग एकाला तो पैसा वाया गेल्यासारखा वाटतो, दुसऱ्याला आपल्या माणसांचा अपमान झाल्यासारखा, आणि पुढच्या वेळी शिल्लक टाकण्याची उमेदच उरत नाही. माझ्या अनुभवात शिल्लक न राहण्याचे हे कारण कमी पगाराइतकेच मोठे आहे. म्हणून किती रुपये साठवायचे हा प्रश्न आम्ही पुढे ढकलला आणि ते कशासाठी मोडायचे, हे आधी ठरवायला घेतले.

दिलीपराव पंचवटीत वाढलेले. गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजायचा, गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, हे त्यांच्या बोलण्यात सहज आले. कुठवर पाणी आले की दुकानातला माल हलवायचा, हे काठावरच्या दुकानदाराला त्या मूर्तीकडे पाहून कळते आणि त्यावर घरात वाद होत नाहीत. मी त्यांना म्हटले, आपण तुमच्या घराची तशी खूण ठरवू. एका कोऱ्या कागदावर त्यांनीच रेघा मारल्या. पगार थांबणे, घरातल्या कुणाला दवाखान्यात दाखल करावे लागणे, शिलाई मशीन किंवा मोटारसायकल बंद पडून कमाई अडणे, एवढ्यासाठीच त्या पैशाला हात लावायचा. त्यासाठीही दोघांचा होकार हवा, आणि मध्यरात्रीची वेळ असेल तर आधी खर्च करून सकाळी सांगायचे. आहेर, सण, माहेरचे आणि सासरचे देणेघेणे यांसाठी महिन्याला ३०० रुपयांचे वेगळे पाकीट. हे पाकीट मी आग्रहाने ठेवायला लावले, कारण नात्यांचा खर्च नाकारणारा हिशेब आपल्याकडे दोन महिनेही टिकत नाही.

यानंतर रकमेकडे वळलो. सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असावा, हा सल्ला चांगलाच आहे. पण भिशी वगळता या घराचा महिना २५,५०० रुपयांचा, म्हणजे सहा महिन्यांचे १,५३,००० होतात. तो आकडा ऐकून दिलीपरावांनी मान फिरवली. तेव्हा पहिला टप्पा आम्ही एक हप्ता आणि एका महिन्याचे किराणा-दूध एवढाच धरला. ते १८,१०० होतात, जवळपास पूर्वी संपले तेवढेच.

आधी कर्ज फेडायचे की आधी शिल्लक टाकायची, हाही त्यांचा प्रश्न होता. ॲपचे कर्ज सर्वांत महाग आणि सर्वांत छळणारे, म्हणून दिवाळीच्या बोनसमधून त्याचा मोठा भाग फेडला. पण सगळे कर्ज संपेपर्यंत शिल्लक टाकणे थांबवू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण मधल्या काळात काही झाले तर पुन्हा त्याच ॲपच्या दारात जावे लागते. वसुलीच्या फोनबाबत सांगायचे तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधली संपर्कयादी वापरता येत नाही, आणि वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असे बंधन आहे. हे कळल्यावर दिलीपरावांनी लेखी तक्रार केली आणि मेहुण्याला जाणारे फोन थांबले.

सुनीताताईंना भिशी सोडायची नव्हती. त्यांच्या इमारतीतल्या दहाजणींची ती भिशी आहे, आणि तिची शिस्त मला कोणत्याही वहीपेक्षा मोलाची वाटते. तिची एकच अडचण, की नंबर लागेल तेव्हाच पैसा मिळतो. संक्रांतीला त्यांचा नंबर लागला. २०,०००पैकी ६,००० देऊन ॲपचे कर्ज संपवले आणि १४,००० रुपये एका बँकेत दोघांच्या नावे उघडलेल्या वेगळ्या खात्यात ठेवले. त्या खात्याला मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय जाणूनबुजून जोडली नाही, एटीएम कार्ड मात्र देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले. ओळखीच्या पतसंस्थेत व्याज जास्त मिळते, असे दिलीपरावांचे म्हणणे होते. बँकेतल्या ठेवींना माणशी ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसते. अडीअडचणीच्या पैशाने व्याज कमवावे, ही अपेक्षाच ठेवू नये, असे मी सांगते.

फेब्रुवारीत नणंदेने पाच हजार मागितले. दिलीपरावांनी पाकिटातले होते तेवढे दिले आणि बाकीचे जमणार नाही म्हणून सांगितले. ते सांगण्यापूर्वी अर्धा तास ते गच्चीत फेऱ्या मारत होते, असे सुनीताताईंनी मला नंतर सांगितले.

मार्चमध्ये पहाटे सासूबाईंची शुगर एकदम उतरली. दोन दिवस दाखल करावे लागले आणि ९,४०० रुपये खर्च झाले. तिसऱ्या दिवशी सुनीताताईंचा फोन आला. "मॅडम, खात्यात सोळा हजार झाले होते, आता सहा हजार सहाशे राहिले. सगळे पाण्यात गेले हो." त्यांचा स्वर रडवेला होता. मी विचारले, या वेळी कुणाकडे मागावे लागले का? नाही म्हणाल्या. काही गहाण पडले का? नाही म्हणाल्या. मग थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "त्या पहाटे कार्ड घेऊन हे निघाले आणि मी आईंजवळ बसून राहिले. कुणाला फोन करायचा, हा विचार मनात आलाच नाही."

खाते पुन्हा भरायचे की त्याच पैशातून आधी पाटल्या सोडवायच्या, यावर दोघांचे अजून एकमत झालेले नाही. येत्या शनिवारी ते त्यासाठी येणार आहेत. पाटल्या आधी सोडवाव्यात, असे या वेळी दिलीपराव म्हणत आहेत.