रेडीच्या प्रयोगात खरं काम पातळ कापडाने केलं

सडक्या मांसातून अळ्या आपोआप उपजतात असं पूर्वी मानलं जाई; रेडीने प्रयोग करून ते खोडून काढलं. प्रश्न असा आहे : रेडीने मांसाच्या बरण्या बंद ठेवल्या म्हणून अळ्या झाल्या नाहीत, पण हवाच कोंडली तर जीव उपजणार कुठून? मग सिद्ध काय झालं?

शंका रास्त आहे. ती खुद्द रेडीच्याही मनात होती, पण पाठ्यपुस्तकात अनेकदा प्रयोगाचा पहिलाच भाग येतो.

फ्रांचेस्को रेडी इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्याच्या दरबारातला वैद्य. त्याचं पुस्तक १६६८ चं. त्याने चार बरण्यांत साप, नदीतले मासे, ईल (सापासारखे लांब मासे) आणि वासराचं मांस घालून तोंडं कागद-दोऱ्याने घट्ट बांधली. तशाच चार उघड्या ठेवल्या. उघड्यांत माश्यांची ये-जा सुरू झाली आणि अळ्या पडल्या. बंद बरण्यांतलं मांस सडलं, पण आत अळी नाही. कागदावर बाहेरून मात्र एखादी अळी आत शिरायला फट शोधताना दिसे.

यानंतर त्याने हवेचा हाच आक्षेप हाती घेतला. बरणीच्या तोंडावर नेपल्सचं अगदी तलम कापड बांधलं : हवा जाईल, माशी जाणार नाही. वर तेच कापड लावलेल्या चौकटीत अख्खी बरणी ठेवली. आता हवा खेळती होती, मांसही सडत होतं. अळ्या वळवळत होत्या त्या बाहेरच्या चौकटीवर. मांसात एकही नाही. मला विचाराल तर हाच खरा प्रयोग. हवा आणि माशी या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या.

आपल्याकडेही जरायुज (गर्भातून जन्मणारे), अंडज (अंड्यातून), उद्भिज्ज (जमीन फोडून उगवणारे) यांच्याबरोबर घामातून, उबेतून उपजणारे 'स्वेदज' मानले जात. डोळ्यांना तसंच दिसतं, त्यामुळे त्या लोकांना अडाणी म्हणू नये. रेडीलाही ओकच्या झाडावरच्या गाठींमधले किडे झाडातूनच निपजतात असं वाटत होतं.

पुढे सूक्ष्मजीवांबाबत हाच वाद पुन्हा पेटला. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ नीडहॅमने १७४८ मध्ये तापवलेल्या मांसरसात जीव दिसल्याचं सांगितलं. इटालियन शास्त्रज्ञ स्पालान्झानीने काचेच्या चंबूंची तोंडं वितळवून बंद केली, रस बराच वेळ उकळला. काही उपजलं नाही. त्यावर नीडहॅमचं उत्तर आलं, तुम्ही हवाच बिघडवलीत! फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने १८६० च्या सुमारास बाकदार, लांब मानेचे चंबू घेतले. हवा आत जायची, धूळ मात्र तिच्यावरच्या सूक्ष्मजीवांसकट मानेच्या वळणात अडायची, आणि उकळलेला रस स्वच्छ राहायचा. चंबू कलंडून रस त्या वळणापर्यंत नेला की तो नासायचा.