ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा. चार किंवा जास्त बिंदूंच्या प्रत्येक चक्रात मधून जाणारी कड, म्हणजे जीवा, असेल तर तो कॉर्डल ग्राफ. त्याच्या कडांना दिशा दिल्या, तर बिंदू रंगवायला किती रंग पुरतात?

नेहमी जोडलेले बिंदू वेगवेगळ्या रंगांचे लागतात. इथे अट वेगळी आहे: शेजारी एका रंगाचे चालतात, पण एकाच रंगात दिशेने फिरणारं चक्र नको. ही कल्पना १९८२ साली गणितज्ञ न्यूमन-लारा यांनी मांडली.

लातूरला शिकवणीत मी फळ्यावर लातूर, नांदेड, परभणी असा त्रिकोण काढतो, बाण गोल फिरवतो. तिघांना एक रंग चालत नाही, दोन पुरतात. आता खरी गंमत बघा. प्रत्येक कडेला एकच दिशा असेल, तर कॉर्डल ग्राफमध्ये फक्त असे त्रिकोणच तपासायचे! कारण लांब चक्रात जीवा असतेच, आणि तिचा बाण कुठेही असो, तिच्या एका बाजूला छोटं चक्र तयार होतंच. असं करत त्रिकोणावर येता.

सर्वांत मोठा क्लिक (सगळेच एकमेकांना जोडलेले बिंदू) क बिंदूंचा असेल, तर परफेक्ट एलिमिनेशन क्रम (ज्यात प्रत्येक बिंदूचे नंतर येणारे शेजारी एकमेकांना जोडलेले असतात) उलटा घेऊन रंगवत चला. नव्या बिंदूला आधीचे शेजारी जास्तीत जास्त क−१. एखादा रंग अडायला त्या रंगाचे किमान दोन शेजारी लागतात, एक येणाऱ्या बाणाचा, एक जाणाऱ्या. म्हणून क/२ रंग पुरतात, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या.