समसंबंधाच्या प्रश्नांत, म्हणजे पहिल्या जोडीतील शब्दांत जो संबंध आहे तोच दुसऱ्या जोडीत जुळवायचा असतो अशा प्रश्नांत, दोन पर्याय बरोबर वाटतात, तेव्हा नेमका कोणता निवडावा?

पर्यायांकडे पाहण्याआधी पहिल्या जोडीतील दोन शब्दांचा संबंध एका पूर्ण वाक्यात मांडावा आणि तेच वाक्य दोन पर्यायांना लागू पडत असेल, तर पर्याय न बदलता वाक्य अधिक नेमके करावे. ‘सुतार : करवत :: शिंपी : ?’ या प्रश्नाला कापड, सुई, कात्री आणि सदरा असे पर्याय आहेत असे समजू. ‘सुतार करवत वापरतो’ एवढेच वाक्य केले, तर सुई आणि कात्री दोन्ही बसतात. ‘सुतार करवतीने लाकूड कापतो’ असे म्हटले की सुई आपोआप गळते आणि कात्रीच उरते. शब्दांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा असतो: ‘वासरू : गाय’ या जोडीशी ‘शिंगरू : घोडी’ जुळते, ‘घोडी : शिंगरू’ जुळत नाही, आणि घाईत सर्वाधिक चुका इथेच होतात, असे विद्यार्थ्यांकडून हे प्रश्न सोडवून घेताना मला सातत्याने दिसते. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतील बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्नांसाठी ९० मिनिटे मिळतात, त्यामुळे वाक्य कागदावर न लिहिता मनातल्या मनात करण्याची सवय आधीपासून लावावी लागते. मात्र ही रीत शब्दांचे अर्थ माहीत असतील तरच उपयोगी पडते. अक्षरगटांच्या किंवा संख्यांच्या समसंबंधात वाक्याऐवजी अक्षरांच्या क्रमांकांतील फरक अथवा वर्ग, घन, गुणाकार यांसारखा नियम शोधावा लागतो.