मलेरियाची गोळी एचआयव्हीच्या औषधांसोबत दिली तर फायदा होतो का?

लॅबमध्ये हो, पेशंटमध्ये जरा अवघड आहे. क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध पेशीच्या आतल्या पिशव्यांमधलं आम्ल कमी करतं, त्यामुळे व्हायरसवरचं जीपी १२० प्रोटीन नीट तयार होत नाही आणि बाहेर पडणारे नवे व्हायरस बऱ्यापैकी निकामी निघतात, काचेच्या बशीत हे छान दिसतं. पण २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये एआरटी (एचआयव्हीची नेहमीची औषधं) सुरू न केलेल्या पेशंटना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे क्लोरोक्विनचंच भावंड देऊन बघितलं तर फायदा सोडाच, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, उलट वाढला.

मला तर उलटी बाजू जास्त भारी वाटते. युगांडातल्या टोरोरोला एचआयव्ही असलेल्या मुलांना लोपिनाविर-रिटोनाविर ही एचआयव्हीची औषधं दिली तेव्हा, एचआयव्हीची दुसरी औषधं घेणाऱ्या मुलांपेक्षा मलेरियाचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. ही औषधं लॅबमध्ये मलेरियाच्या जंतूलाही मारतात, पण इथं खरं काम बहुतेक रिटोनाविरनं केलं, ते लिव्हरमधलं सीवायपी३ए४ एन्झाइम अडवतं म्हणून ल्युमेफँट्रिन हे मलेरियाचं औषध रक्तात जास्त दिवस टिकतं आणि मलेरिया लगेच परत होत नाही. एफाविरेन्झ हे एचआयव्हीचं दुसरं औषध घेणाऱ्यांत याच्या बरोबर उलट होतं, ल्युमेफँट्रिन पटापट संपतं, त्यामुळे मलेरिया झाला तर आपण एआरटीवर कुठल्या गोळ्या घेतो ते डॉक्टरला आधी सांगा.