शेजारी देश पेटला की लष्करी गट काय करतो?

प्रश्न (कोथरूड): 2021 मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं. शेजारचा ताजिकिस्तान रशियाप्रणीत सीएसटीओ (सामूहिक सुरक्षा करार संघटना) या लष्करी गटाचा सदस्य. मग गटाची फौज अफगाणिस्तानात का उतरली नाही?

उत्तर: अफगाणिस्तान सदस्य नाही, आणि गटाच्या कराराचं कलम 4, म्हणजे सदस्याला लष्करी मदतीचं, लागतं ते सदस्यावर आक्रमण झालं तरच. शेजारची राजवट उलथणं त्यात बसत नाही. त्यामुळे जे करायचं ते सीमेवरच्या पंज नदीच्या अलीकडे, ताजिक हद्दीतच. सीमा जवळपास 1,350 किलोमीटरची, बराच भाग पामीरच्या डोंगरात. जुलैतच हजारावर अफगाण सैनिक जीव वाचवायला ताजिक हद्दीत शिरले होते. ताजिक राष्ट्राध्यक्ष रहमोन यांनी 20,000 राखीव सैनिक सीमेकडे धाडायचे आदेश दिले आणि गटाकडे मदत मागितली. खरा आधार होता तो आधीपासून तिथे असलेल्या रशियाच्या 201व्या लष्करी तळाचा.

प्रश्न (सदाशिव पेठ): जानेवारी 2022 मध्ये कझाकस्तानात मात्र फौज लगेच गेली. तोही अंतर्गतच मामला होता ना?

उत्तर: सुरुवात तशीच होती. 2 जानेवारीला झानाओझेनमध्ये एलपीजीच्या दरवाढीवरून लोक रस्त्यावर आले. 5 तारखेला कझाक राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी मदत मागितली ती मात्र परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या दहशतवाद्यांचं नाव घेऊन. सगळी मेख इथे आहे. ‘बाहेरचा हात’ म्हटलं की कलम 4चं दार उघडतं. 2010 मध्ये किर्गिझस्तानातल्या ओश दंगलींच्या वेळी तिथल्या हंगामी सरकारच्या प्रमुख ओतुन्बायेवा यांनी रशियाकडे फौज मागितली, तेव्हा ‘अंतर्गत प्रश्न’ म्हणून नकार मिळाला होता.

यावेळी सदस्यांची संमती लगेच मिळाली, 6 तारखेला विमानं सुटली. दोन हजारांवर सैनिकांना विमानतळ आणि महत्त्वाच्या ठिकाणांची राखण दिली. रस्त्यावरची कारवाई कझाक दलांकडेच राहिली. पाहुण्या फौजेने स्थानिक जमावावर गोळी झाडली की ती लोकांना आक्रमकच वाटते, म्हणून ही वाटणी शहाणपणाची. 13ला माघार सुरू, 19ला संपली.

फौज पाठवत असल्याची घोषणा केली होती ती गटाचे तेव्हाचे अध्यक्ष, आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिनियान यांनी. त्याच वर्षी सप्टेंबरात अझरबैजानने आर्मेनियावर हल्ला केल्यावर त्यांनी हात पसरला, तर पदरात पडलं पाहणी पथक!

प्रश्न (औंध): 2018 मध्ये आमच्या औंधला बिमस्टेकचा (बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांचा सहकार्य गट) लष्करी सराव झाला. पेटलेल्या म्यानमारसाठी हा गट फौज पाठवेल का?

उत्तर: नाही. त्यात परस्पर संरक्षणाचं कलमच नाही. औंधचा सराव दहशतवादविरोधी होता, आणि त्यालाही नेपाळने ऐनवेळी तुकडी न धाडता निरीक्षकच पाठवले. शिवाय म्यानमार स्वतः सदस्य आहे. आपली 1,643 किलोमीटरची सीमा आसाम रायफल्सच सांभाळते.