इंग्रजी वाक्प्रचारांचे शब्द कळतात, पण अर्थ का लागत नाही?

वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांच्या बेरजेतून निघत नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे. ‘डोळ्यांत धूळ फेकणे’ असे म्हणताना आपल्याही मनात धूळ नसतेच. मात्र खरी फसगत होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या वाक्प्रचारांत. ‘पुल समवन्स लेग’ हे शब्द ऐकताच मराठी माणसाला ‘पाय ओढणे’ आठवते आणि कोणीतरी कोणाच्या प्रगतीत खोडा घालत आहे असे वाटते. इंग्रजीत त्याचा अर्थ गमतीने काहीतरी खोटे सांगून थट्टा करणे एवढाच आहे. म्हणून ‘आर यू पुलिंग माय लेग?’ या प्रश्नाचे चपखल मराठी रूप ‘माझी फिरकी घेतोस का?’ असे होईल.

‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे आणि ‘अंडर द वेदर’ म्हणजे बरे नसणे. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचितच. एकाच इंग्रजी महिन्यात आलेल्या दुसऱ्या पौर्णिमेला हल्ली ब्लू मून म्हणतात आणि ती साधारणपणे अडीच वर्षांतून एकदा येते. (आपला कपिलाषष्ठीचा योग याहून कितीतरी दुर्मीळ!)

वाक्प्रचाराची रचनाही सहसा बदलू नये. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. पण त्याचा कर्मणी प्रयोग करून ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटले, तर लाथ केवळ बादलीलाच बसते. शिवाय हा वाक्प्रचार थट्टेखोर असल्याने शोकसंदेशात तो चुकूनही वापरू नये.